वर्दी ते उंबरठा : भांडुपच्या डोंगरावरच्या अग्निशमन केंद्रासाठीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीतल्या तीन खोल्या जळाल्या. माणसं सगळी वाचली, म्हणून आज वही उघडून बसता येतंय.

पावसाळ्यात पत्र्यावर घातलेली ताडपत्री कोणी दिवाळीपर्यंत काढत नाही. कुठून तरी आलेलं रॉकेट तिच्या घडीत शिरलं. १०१ला फोन लगेच गेला आणि खाली रस्त्यावर बंबही आला. पण आमच्याकडे रस्ता संपतो आणि पायऱ्या सुरू होतात. जवान खांद्यावर होज, म्हणजे पाणी मारायचा गुंडाळता येणारा पाइप, घेऊन धावत वर आले, जोडत जोडत आणखी होज मागवत राहिले. तोवर शेजाऱ्यांनी घागरी, बादल्या आणि एका घराच्या टाकीतलं पाणी ओतून तिसऱ्या खोलीचं छप्पर कसंबसं रोखलं होतं. जिची खोली पहिल्यांदा गेली ती मालवणची आजी दारातल्या नळाला धरून एकच वाक्य म्हणत होती, "बंब इलो, पण पाणी खंय?"

आज मंडळाच्या खोलीत बैठक झाली. बावीस जण आले. ठरलं एवढंच की डोंगराच्या वरच्या अंगाला एक छोटं अग्निशमन केंद्र मागायचं, आणि मागायला जाताना हातात मोजमाप ठेवायचं. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, म्हणून वही माझ्याकडे आली.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

सकाळी साडेसहाला मोजणी सुरू केली. सोबत पलीकडच्या चाळीतले काका होते. ते अग्निशमन दलातून प्रमुख अग्निशामक म्हणून निवृत्त झाले. कॉलला ते अजून 'वर्दी'च म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणायला लागलोय.

बंब जिथे शेवटचा उभा राहू शकतो तिथे खडूने खूण केली. तिथून आजीच्या उंबरठ्यापर्यंत दोरी टाकली : १६८ मीटर. एक होज पंधरा मीटरचा, म्हणजे बारा होज. प्रत्येक जोडावर कपलिंग बसवायचं, वळणावर होज मुडपणार नाही हे बघायला एक माणूस उभा करायचा, आणि हे सगळं काळोखात, धुरात, खाली पळणाऱ्या माणसांच्या उलट दिशेने.

मग उंची. पायऱ्या मोजल्या, १९७ भरल्या. सगळ्या सारख्या नाहीत. काही ठिकाणी लोकांनी लादी बसवून घेतलीय, काही ठिकाणी नुसता दगड आहे. वीस ठिकाणी पट्टी लावून सरासरी काढली, ती सतरा सेंटिमीटर आली. म्हणजे साधारण साडेतेहेतीस मीटरचा चढ. काका म्हणाले, "दर दहा मीटर उंचीला एक बार दाब जातो. म्हणजे पाणी वर पोचायच्या आधीच सव्वातीन बारच्या वर गेले. बारा होजमधलं घर्षण त्याच्यावर वेगळं. खाली पंपवाला जीव तोडून दाब देत असतो आणि वर पोराच्या हातात धार मरते."

त्या रात्री आम्ही जवानांवर ओरडलो होतो. ते मला आज आठवलं आणि फार वाईट वाटलं. आग विझवायला आलेला माणूस आधी एक डोंगर चढत होता, हे आमच्यातल्या कोणाला सुचलंही नाही.

११ डिसेंबर २०२३, सोमवार

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दोन प्रती. विचारलं ते एवढं : गेल्या तीन वर्षांत आमच्या पट्ट्यातून आलेल्या वर्दी, प्रत्येक वर्दीची वेळ, गाडी कोणत्या केंद्रातून निघाली, कधी पोहोचली. अर्ज लिहिताना काकांनी एक शब्द घालायला लावला, 'पहिली गाडी'. तो नसता तर शेवटच्या टँकरची वेळही त्यात मिसळून आली असती.

संध्याकाळी शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढली. दोन लाख लोकवस्तीमागे एक केंद्र किंवा उपकेंद्र, आणि ते एक ते तीन किलोमीटरच्या आत. नकाशावर परकार धरला तर आम्ही त्या वर्तुळात बसतो. माझ्या कामातही मी रोज अशी वर्तुळं काढते. परकाराला पायऱ्या दिसत नाहीत, हे मला या वयात माझ्याच गल्लीने शिकवलं.

१८ डिसेंबर २०२३

साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या फरसाणच्या दुकानाला आग लागली त्याला आज सहा वर्षं झाली. पहाटेची आग, बारा कामगार गेले. त्यानंतर अकराच दिवसांनी कमला मिलची आग, तिथे चौदा. कमला मिल सगळ्यांना आठवते. फरसाणच्या दुकानातले आठवत नाहीत. आमच्याकडेही पोटमाळ्यावर झोपणारी पोरं आहेत. खाली मशीन, वर गादी, मध्ये एक लाकडी शिडी. आज तीन ठिकाणी जाऊन मालकांशी बोललो. दोघांनी रात्री शटर आतून कुलूप न लावता नुसतं कडीवर ठेवायचं कबूल केलं. तिसऱ्याकडे पुन्हा जायचं आहे.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

अर्जाचं उत्तर मुदतीत आलं. चार पानी तक्ता आहे. मी आणि काकांनी तो रात्री जमिनीवर पसरून वाचला.

सुरुवातीला मी हिरमुसले. वेळा मला वाटल्या होत्या तितक्या वाईट नव्हत्या. मग काकांनी एका रकान्यावर बोट ठेवलं : 'घटनास्थळी पोहोचल्याची वेळ'. त्यांनी विचारलं, "ही वेळ कुठली असते सांग. गाडी थांबली, वायरलेसवर कळवलं, ती वेळ. आमच्या नोकरीत आम्हीही तेच लिहायचो आणि ते बरोबरच आहे, गाडी पोहोचलेलीच असते." गाडी खाली खडूच्या खुणेवर पोहोचते. तिथून पुढच्या बारा होजना तक्त्यात रकानाच नाही.

मागणी आता कशी मांडायची ते इथे ठरलं. किलोमीटर बोलायचे नाहीत. 'वर्दी ते उंबरठा' किती मिनिटं, एवढंच बोलायचं.

२८ जानेवारी २०२४, रविवार

रस्त्याची चाचणी. एका पाण्याच्या टँकरवाल्याने गाडी दिली, पैसे घेतले नाहीत. लालबहादूर शास्त्री मार्गावरून वळल्यापासून खडूच्या खुणेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजलं. आज सकाळी सहाला सात मिनिटं. मागच्या सोमवारी संध्याकाळी साडेसातला मोजलं होतं, तेव्हा सव्वीस. त्यात जंगल मंगल रोडच्या नाक्यावर एका जागी नऊ मिनिटं नुसते उभे होतो : एक बस वळत होती, तिच्या मागे शाळेच्या दोन व्हॅन, दोन्ही कडेला रिक्षांची डबल पार्किंग.

बंबाला भोंगा असतो, टँकरला नसतो, हे धरूनच हे आकडे वाचायला हवेत. पण भोंगा वाजला तरी समोरच्या रिक्षाला सरकायला जागा पाहिजे.

नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींशी बोलले. मला वाटलं होतं, हातगाडी हलवायचं म्हटलं की त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "आम्हाला कोणी सांगत नाही ना बंब येतोय म्हणून. भोंगा ऐकू येतो तेव्हा तो डोक्यावर आलेला असतो. कोणीतरी आधी शिट्टी मारा, मी गाडी गल्लीत घालते." नाक्यावरच्या चार दुकानदारांना आणि या मावशींना शिट्ट्या दिल्या. १०१ला फोन केला की दुसरा फोन नाक्यावर करायचा, असं प्रत्येक गल्लीत सांगून झालं.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

जागेचा शोध. तीन जागा पाहिल्या.

पहिली अगदी वर, झाडीला लागून. तिथून राष्ट्रीय उद्यानाची हद्द जवळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुकलेल्या गवताला वणवा लागतो, तेव्हाही ती उपयोगी पडली असती. पण उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, वनखात्याच्या परवानग्या, आणि खरं तर जंगलाला धक्का लावून केंद्र मागावं असं आमच्यातल्या कोणालाच वाटत नाही. सोडली. दुसरी जलवाहिनीच्या कडेची. मोठ्या जलवाहिनीलगत बांधकाम करता येत नाही, तेही योग्यच आहे. सोडली.

तिसरी जागा म्हणजे वरच्या रस्त्यावरची एका खात्याची जुनी बंद चौकी. एक खोली, मोडकं शौचालय, पुढे डांबरी अंगण. अंगण मोजलं, अकरा मीटर बाय साडेनऊ. पूर्ण केंद्राला ही जागा फारच लहान, पण आम्हाला पूर्ण केंद्र नकोच आहे. मिनी केंद्र म्हणजे एक गाडी, पाळीतल्या जवानांना बसायला-झोपायला खोली, शौचालय, पाण्याची टाकी आणि वायरलेस. पहिली गाडी वर असली की पहिली काही मिनिटं हातात येतात. मोठी कुमक खालून यायला तेवढा वेळ मिळतो.

तिथे उभी राहून मी खाली पाहिलं तर आजीच्या खोलीचा नवा निळा पत्रा दिसत होता, आणि तो आमच्या खाली होता. इतकी वर्षं सगळे खालून वर पाणी चढवायचा विचार करत होते.

१० मार्च २०२४, रविवार

आजची बैठक वाईट झाली. ती जशी झाली तशीच लिहिते.

चौकीची जागा सांगितल्यावर मागून एक जण उठले. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. म्हणाले, "गाडी वर जाणार म्हणजे रस्ता रुंद होणार. रस्ता रुंद होणार म्हणजे घरं जाणार. कोणाची जाणार ते सांग." मी म्हटलं, रस्तारुंदी आम्ही मागितलेलीच नाही. ते म्हणाले, "तू मागितली नाहीस. तू कागद दिलास की पुढचं तुझ्या हातात नाही."

त्यांच्याकडे फोटोपास, म्हणजे झोपडीचं सरकारी ओळखपत्र, आहे; मुलाच्या खोलीला नाही. झोपडी पात्र की अपात्र ते ठरवणारी १ जानेवारी २००० ही तारीख इथे प्रत्येक घराला तोंडपाठ आहे, २०११चीही. या तारखांच्या अलीकडे-पलीकडे एकाच भिंतीला टेकून सख्खे भाऊ राहतात. त्यांच्या भीतीला मी 'गैरसमज' म्हणाले. तो शब्द मी मागे घेतला आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. ज्याने वीस वर्षांत दोनदा नोटीस पाहिलीय त्याला माझ्या नकाशावर विश्वास ठेव म्हणणं सोपं नाही.

बायकांचं म्हणणं वेगळंच निघालं. चौकीच्या अंगणात संध्याकाळी मुलं खेळतात, दुसरी सपाट जागा नाही. तिथलं शौचालय दुरुस्त झालं तर ते जवानांसाठीच असणार की आम्हालाही? दोन्ही प्रश्न मी नकाशा काढताना विचारात घेतले नव्हते.

शेवटी असं ठरलं : निवेदनात पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की एकही घर न हलवता, आहे त्या रस्त्यावरून जाईल एवढ्याच लहान गाडीचं केंद्र हवं. शौचालयाचं एक दार रस्त्याच्या बाजूने. ज्यांना पटत नाही त्यांची सही मागायला कोणी त्यांच्या दारात जायचं नाही. अठरा जण न बोलता उठून गेले.

१६ मार्च २०२४

लोकसभेची आचारसंहिता आजपासून. निवेदन कालच दोन कार्यालयांत देऊन पोच घेतली होती. ७ मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपल्यापासून नगरसेवक नाही, त्यामुळे आपला म्हणून ज्याच्या दारात जावं असा माणूस नाही. प्रत्येक कागदामागे आपणच जायचं.

१४ एप्रिल २०२४, रविवार

सकाळी बुद्धविहारात जयंतीचा कार्यक्रम. विहारातल्या मंडळींनीच सुचवलं की आज अग्निशमन सेवा दिनही आहे, दहा मिनिटं काकांना द्या. काका बोलायला उभे राहिले. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि तेराशे-चौदाशे टन स्फोटकं, एकाच जहाजात. दुपारी धूर दिसला, बंब गेले, आणि चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. मग त्यांनी ९ मे २०१५चं काळबादेवीचं सांगितलं. त्या इमारतीच्या आगीत दलाने आपले वरिष्ठ अधिकारी गमावले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकरही होते. तेव्हा काका नोकरीत होते. त्यापुढे त्यांना बोलता आलं नाही. ते खाली बसले. विहारात कोणी काही बोललं नाही. मग एका मुलाने त्यांना पाणी नेऊन दिलं.

दुपारी सह्या झाल्या, न मागता. मार्चमध्ये उठून गेलेल्यांपैकी सात जण आले.

८ जुलै २०२४, सोमवार

रात्रभर तुफान पाऊस. भांडुपजवळ रुळांवर पाणी, गाड्या बंद. नाक्यावर गुडघाभर पाणी. मी ऑफिसला गेले नाही, सकाळी चौकीपर्यंत चढून आले. वरचा रस्ता मोकळा होता, चौकीच्या अंगणात पाणी साचलेलं नव्हतं. फोटो काढून निवेदनाला पुरवणी म्हणून जोडले. अग्निशमन दल फक्त आगीला येत नाही. दरड, पडलेलं झाड, कोसळलेली भिंत, सगळ्याला तेच येतात, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा जुलैची भीती मोठी असते.

२४ ऑगस्ट २०२४

पाण्याचा हिशोब. सर्वसाधारण बंबात साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी असतं. एका नोझलमधून मिनिटाला साडेचारशे लिटर धरलं तर दहा मिनिटं, दोन लावले तर पाच. पुढचं पाणी कुठून? मुंबईच्या मोठ्या भागाचं पाणी भांडुप संकुलात शुद्ध होतं, आमच्या शेजारी. डोंगरावर मात्र ते ठरलेल्या वेळीच येतं. शिवाजी तलाव खाली आहे, तिथून उपसता येईल, पण वर आणायला पुन्हा टँकरच. म्हणून केंद्राबरोबर दहा हजार लिटरची टाकी मागणीत घातली.

काकांनी आणखी एक गोष्ट सुचवली, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. पायऱ्यांच्या कडेने एक कायमचा लोखंडी पाइप टाकायचा, आतून कोरडा. उंच इमारतीत असतो तसा. खाली बंबाने जोडायचं, वर प्रत्येक टप्प्यावर तोंड. बारा होजच्या जागी दोन. केंद्र व्हायला वर्षं लागली तरी पाइप एका उन्हाळ्यात होईल. रविवारी त्याचा नकाशा काढला.

१५ ऑक्टोबर २०२४

विधानसभेची आचारसंहिता. फाइल एका टेबलावर थांबली. दिवाळीआधी प्रत्येक घरावरची ताडपत्री उतरवायचं काम मुलांनी अंगावर घेतलं आहे. आजपर्यंत ६४ घरं झाली.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज खरी गाडी आली. लहान बंब, एक यंत्रचालक, एक अधिकारी, तीन जवान. वरच्या रस्त्याने चौकीपर्यंत जाते का ते पाहायला.

दोन वळणं निघाली. तिसऱ्याला अडकली. यंत्रचालक खाली उतरले, वाकून चाकं पाहिली, वीतभर मागे, वीतभर पुढे, असं सहा वेळा केलं. माझ्या नकाशात ते वळण बसत होतं. प्रत्यक्षात एका घराचा तुळशीचा कट्टा रस्त्यात चाळीस सेंटिमीटर आलेला आहे. नकाशात कट्टे नसतात.

घरातल्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "तुळशीचं लग्न झालंय आता. आतल्या बाजूला घेऊ. फक्त मुळं तुटता कामा नयेत, मी सांगेन तसं काढा." मार्चमध्ये मला अडवणारे काका तिथेच बाजूला उभे होते. म्हणाले, "कट्टा तिने दिला, ती तिची मर्जी. माझ्या भिंतीला हात नाही लागला पाहिजे." अधिकाऱ्यांनी फीत मागवली आणि त्यांच्या समोर मोजून दाखवलं : भिंतीपासून गाडी पंचावन्न सेंटिमीटर लांब जाते. त्या काकांनी फीत स्वतः धरून पुन्हा मोजलं. सही त्यांनी अजून केलेली नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

कट्टा आत गेला, तुळस जगली आहे. संयुक्त पाहणीचा अहवाल भायखळ्याच्या मुख्यालयात गेल्याचं पत्र शुक्रवारी मिळालं. मंजुरी नाही, तरतूद नाही, पण चौकीचं नाव आणि अंगणाचं माप आता सरकारी कागदावर आहे. कोरड्या पाइपची फाइल वेगळी चालू आहे. त्यासाठी उद्या दोन प्रती आणि पायऱ्यांचा उभा छेद द्यायचाय.

आज गाडी पुन्हा आली आणि सरळ अंगणात जाऊन उभी राहिली. मुलांनी क्रिकेट थांबवून तिच्याभोवती गोल केला. आमच्या काकांनी अधिकाऱ्यांना विनंती केली, एकदा होज टाकून बघू या. जवानांनी तो गुंडाळी सोडत उताराने नेला. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याचं टोक आजीच्या उंबरठ्याच्या आत दीड मीटर गेलं.

आजी पाटावर तांदूळ निवडत बसली होती. तिने होजचं पितळी टोक हाताने चाचपलं आणि जवानाला विचारलं, "पाणी सोडतलास काय?"

"आज नाही आजी. आज नुसतं मोजतोय."

तिने पाय आवरून त्याला आत यायला जागा करून दिली.